शाईतलं पाणी: नैसर्गिक कापडावर वॉटरबेस स्क्रीन प्रिंटिंग कसं चालतं

छापून दोरीवर टाकलेलं सुती कापड दुसऱ्या दिवशी हातात घेतलं तर रंग खडखडीत वाळलेला होता. बोटाने घासून पाहिलं, काही लागलं नाही. पिशव्या शिवून झाल्या, वाटून झाल्या. मग एकीने पहिल्यांदा पिशवी धुतली आणि बादलीतलं पाणी निळं झालं. चित्राच्या जागी फिकट सावली उरली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण चित्रावर, फ्रेमवर, छपाईवर मी जीव ओतला होता आणि कुठे चुकलं तेच कळत नव्हतं.

चूक एवढीच होती की ‘वाळणं’ आणि ‘पक्कं होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत नव्हतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून कापडावर उतरवतात, आणि वॉटरबेस, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शाईचं सगळं तंत्र तिच्यातल्या पाण्याभोवती फिरतं. जाळीवर असेपर्यंत पाणी शाईत टिकायला हवं, कापडाला टेकल्यावर ते धाग्यात शिरायला हवं, आणि शेवटी ते पूर्ण निघून जायला हवं. यातलं काही लवकर झालं किंवा उशिरा झालं की काम बिघडतं. हे एकदा डोक्यात बसलं की या कामातल्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्यांचं कारण आपोआप दिसायला लागतं.

शाईत असतं काय?

डबा उघडला की दाट, मलईसारखी शाई दिसते. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग देणारं पिगमेंट, ते धरून ठेवणारा बाइंडर आणि पाणी. शिवाय दाटपणासाठी थोडं थिकनर आणि लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखा ओल धरणारा पदार्थ.

पिगमेंट पाण्यात विरघळत नाही. साखर पाण्यात नाहीशी होते, खडूची पूड मात्र पाण्यात तरंगत राहते आणि थोड्या वेळाने तळाशी बसते. पिगमेंट हे त्या पुडीसारखं, फक्त कितीतरी बारीक. या कणांना सुताशी काही देणंघेणं नसतं. नुसतं पिगमेंट पाण्यात कालवून कापडावर लावलं तर ते सुकेल आणि झटकल्यावर उडून जाईल.

म्हणून बाइंडर लागतो. हा बहुधा ॲक्रिलिक असतो आणि पाण्यात दुधासारखा पांढरा दिसतो, कारण त्याचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात सुटे सुटे तरंगत असतात. पाणी उडायला लागलं की हे गोळे एकमेकांजवळ येतात, चिकटतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. पिगमेंटचे कण त्या पापुद्र्यात अडकतात आणि पापुद्रा धाग्याला धरून बसतो. पण नुसत्या हवेवर तयार झालेला हा पापुद्रा कच्चा असतो. त्यातल्या लांबलचक रेणूसाखळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात, एकमेकींना बांधलेल्या नसतात. उष्णता मिळाली की त्यांच्यात आडवे टाके पडतात. साबणपाण्याला आणि चोळण्याला दाद देत नाही तो हा टाके पडलेला पापुद्रा. माझ्या पिशव्यांवर टाके पडलेच नव्हते.

टीशर्टवर सर्रास दिसणारी दुसरी शाई म्हणजे प्लॅस्टिसॉल. तिच्यात पाणी नसतंच. पीव्हीसीचे कण एका तेलकट प्लॅस्टिसायझरमध्ये मिसळलेले असतात आणि साधारण १६० अंश सेल्सियसच्या आसपास तापवल्यावर सगळं मिळून एक लवचीक थर होतो. ती जाळीवर कितीही वेळ ठेवा, सुकत नाही. छापणाऱ्याला हे फार सोयीचं आहे, हे मान्यच केलं पाहिजे. पण तिचा थर कापडाच्या वर बसतो, हाताला रबरासारखा लागतो. सुती किंवा तागाच्या कापडाची वीण, त्याचा पोत, त्यातून खेळणारी हवा यासाठी आपण ते कापड निवडलेलं असतं. तो पोत झाकून टाकायचा असेल तर मग नैसर्गिक कापड घेतलं कशाला, असं मला मनापासून वाटतं. वॉटरबेस शाई पाण्याबरोबर धाग्यांच्या आत उतरते, आणि नीट छापलेल्या कापडावरून डोळे मिटून हात फिरवला तर चित्र कुठे सुरू होतं ते बोटांना जेमतेम कळतं.

कापड किती पाणी पितं

सूत आणि जवसाच्या खोडापासून काढलेलं लिनन हे दोन्ही मुळात सेल्युलोज. सेल्युलोजच्या रेणूवर पाण्याला ओढून घेणाऱ्या जागा ठिकठिकाणी असतात, त्यामुळे पाण्यातली शाई तिथे सहज शिरते. कोरडं दिसणारं सुती कापडही साध्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरून असतं. लिनन त्याहून थोडी जास्त, रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास, लोकर १६ च्या घरात. पॉलिएस्टरमध्ये हाच आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो.

आता यावरून लोकरीवर छापणं सगळ्यात सोपं असेल असं वाटेल, पण तसं नाही. लोकरीचा तंतू आतून ओल धरतो, बाहेरून मात्र त्याच्यावर खवले असतात आणि त्या खवल्यांवर पाण्याला दूर ठेवणारा स्निग्ध थर असतो. लोकरीच्या शालीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो मोत्यासारखा बराच वेळ बसून राहतो. शाईचंही तेच होतं. रेशमाची अडचण निराळी. त्याच्यावर मूळचा चिकट गोंद शिल्लक असेल तर शाई आत जात नाही, आणि गोंद काढलेलं मऊ रेशीम इतकं पातळ असतं की पातळ शाई चित्राच्या कडा ओलांडून धाग्याधाग्याने पसरते. म्हणून शिकायला सुरुवात करायची तर मध्यम जाडीचं, सपाट विणीचं सुती कापड घ्यावं.

तेही धुऊन. कोऱ्या सुती कापडावर विणताना लावलेली खळ असते, आणि कापसाचा स्वतःचा मेणाचा थर असतो तो वेगळाच. शाई त्या खळीवर चिकटते आणि पहिल्या धुण्यात खळ गेली की तिच्याबरोबर शाईही जाते. गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घालून कापड चांगलं धुवावं, भरपूर पाण्यात खळबळावं. धुतलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. तो टेकताक्षणी आत गेला तर कापड तयार आहे. थोडा वेळ थांबून मग गेला तर पुन्हा धुवावं. रेशीम आणि लोकरीला मात्र सोडा अजिबात दाखवू नये. हे प्रथिनांचे तंतू आहेत, सोड्यासारख्या अल्कलीत ते खराब होतात, त्यांना सौम्य साबणच बरा. आणि कोणत्याही कापडाला छपाईआधी फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्याचा थर शाईच्या आड येतो.

धुण्याचा आणखी एक फायदा: कापडाला जे आटायचं असतं ते आधीच आटून जातं. दोन-तीन रंग एकावर एक बसवायचे असतील तेव्हा मधेच आटलेलं कापड सगळं गणित मोडतं.

जाळी आणि तिच्यावरची आकृती

फ्रेमवर ताणलेल्या जाळीची, म्हणजे स्क्रीनची, भोकं काही ठिकाणी बंद आणि काही ठिकाणी उघडी ठेवायची, आणि उघड्या भोकांतून शाई खाली ढकलायची, एवढंच स्क्रीन प्रिंटिंग. एकेकाळी ही जाळी खरोखरच रेशमाची असे, पीठ चाळायला वापरायचे तसल्या बारीक कापडाची. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज जाळी पॉलिएस्टरची असते, आणि वॉटरबेससाठी ते फारच उत्तम, कारण पॉलिएस्टर पाणी पीत नाही, ओलं झाल्यावर सैल पडत नाही.

जाळीवर ४३टी, ७७टी असे आकडे दिसतात. ४३टी म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ४३ धागे. इंचातला आकडा हवा असेल तर अडीचपटीहून किंचित जास्त, म्हणजे साधारण ११०. धागे कमी तितकी भोकं मोठी आणि शाई जास्त उतरते. जाड सुती पिशवी, ठळक आकृती असेल तर ४३टी. बारीक रेषा, पातळ रेशीम असेल तर ६१ किंवा ७७. बारीक जाळीची किंमत मोजावी लागते ती सुकण्याच्या रूपाने: भोक जितकं लहान तितकं त्यातलं पाणी लवकर उडतं आणि शाई तिथेच अडकून बसते.

आकृती जाळीवर उमटवतात ती इमल्शनने. हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं लेपण अंधुक पिवळ्या उजेडात जाळीवर लावायचं, सुकवायचं, वर पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक कागदावर गडद काळ्या शाईत उमटवलेली आकृती, ठेवायचं आणि अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश पडला तिथे लेपण कडक होतं, काळ्या भागाखालचं मऊ राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघतं.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचा बराच मनस्ताप वाचतो. बहुतेक इमल्शनचा पाया पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा असतो, आणि तो स्वतः पाण्यात विरघळणारा आहे. प्रकाशाने त्याच्या साखळ्या एकमेकींत बांधल्या जातात म्हणून तो टिकतो. बांधणी अर्धवट राहिली तर ओली शाई तासाभरात त्याला आतून मऊ करते, कडा ढासळतात, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि नको तिथे रंगाचे ठिपके दिसायला लागतात. प्लॅस्टिसॉलमध्ये पाणी नसल्याने तिथे असली कच्ची स्क्रीनही खपून जाते, वॉटरबेस मात्र माफ करत नाही. म्हणून इमल्शन पाणी सहन करणारं आहे का ते डब्यावर वाचून घ्या. धुताना जाळीच्या आतल्या बाजूला बोट लावून पाहा. बुळबुळीत लागलं तर प्रकाश कमी पडलाय, वेळ वाढवायला हवा. आणि स्क्रीन धुऊन वाळली की तिला पुन्हा एकदा चांगला उजेड द्या. दुपारच्या उन्हात ठेवली तरी चालतं, आकृती उमटून झालेली असते, आता फक्त मजबुती वाढवायची आहे.

ओढ

छपाईच्या टेबलावर कापड हलणार नाही असं चिकटवलेलं असावं आणि स्क्रीन त्याच्यापासून दोन-तीन मिलिमीटर वर उचललेली. या जराशा अंतराला फार महत्त्व आहे. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, जिथे दाबते तेवढ्याच रेषेवर जाळी कापडाला टेकते आणि स्क्वीजी पुढे गेली की लगेच उचलली जाते. अंतर ठेवलं नाही तर जाळी ओल्या कापडाला चिकटून राहते आणि कडा फुटतात.

शाई भांड्यात दाट दिसते, पण स्क्वीजीने ढकलली की त्या दाबाखाली पातळ होऊन भोकातून उतरते, आणि दाब सुटला की पुन्हा दाट होते. शाईने कापडात शिरावं पण पसरू नये, हे साधतं ते या गुणामुळे. म्हणूनच शाईत हवं तसं पाणी ओतून ती सैल करू नये. पाणी घालायचं तर थोडं थोडं, ढवळत, आणि सैल पडायच्या आत थांबायचं. स्क्वीजीचा कोन सुमारे ७५ अंश ठेवला की रेषा स्वच्छ येते. ती जास्त आडवी केली की शाई जास्त उतरते. जाड सुती कापडावर मी दोनदा ओढते, रेशमावर एकदाच.

आणि ओढ संपली की थांबायचं नाही. स्क्रीन वर उचलून, दाब न देता शाईचा एक पातळ थर पूर्ण आकृतीवर परत पसरून ठेवायचा. याला फ्लड म्हणतात. उघड्या भोकातला शाईचा सूक्ष्म थेंब काही क्षणांत सुकतो, त्याच्यावर शाईचं पांघरूण असलं की तो ओला राहतो. नवशिके छापून झाल्यावर स्क्रीन तशीच ठेवतात, निवांत कापड बदलतात, चित्राकडे कौतुकाने बघतात, आणि पुढच्या छाप्यात बारीक रेषा गायब झालेल्या असतात. पंखा बंद ठेवा. हवा फार कोरडी असेल तर खोलीत ओलं कापड टांगा. साध्या पाण्याची बारीक तुषार मारणारी बाटली हाताशी ठेवा आणि आठ-दहा छाप्यांनी शाईवर एक हलका फवारा द्या. काम थांबवायचंच असेल तर शाई डब्यात काढा आणि स्क्रीन लगेच थंड पाण्याने धुवा.

गडद कापडाचा प्रश्न

पांढऱ्या सुतावर वॉटरबेस शाई सुंदर खुलते, कारण ती पारदर्शक आहे. प्रकाश शाईतून आत जातो, पांढऱ्या धाग्यावर आपटून पुन्हा शाईतून बाहेर येतो. निळ्यावर पिवळी छापली तर हिरवा मिळतो आणि दोन स्क्रीनमधून तीन रंग निघतात. मला या शाईतलं हे सगळ्यात मोठं सुख वाटतं.

काळ्या कापडावर तोच गुण अडचण होतो, प्रकाश परत पाठवायला मागे काही नसतं. मग शाईतच टायटॅनियम डायऑक्साइड घालून तिला अपारदर्शक करतात. हा पांढरा कण प्रकाश जोरदार विखुरतो, पण तो भरपूर घालावा लागतो. त्यामुळे शाई जड होते, जाळीत लवकर सुकते आणि कापडाला थोडा कडकपणा येतो. दुसरा रस्ता डिस्चार्जचा. यात शाईबरोबर झिंक फॉर्माल्डिहाइड सल्फॉक्सिलेट मिसळतात, ते उष्णता आणि वाफेच्या संगतीने कापडाचा मूळ रंगच तोडून टाकतं आणि त्या जागी शाईचा रंग बसतो. हाताला काहीच लागत नाही, इतकं ते कापडात मिसळून जातं. मात्र सगळेच रंग असे तुटत नाहीत, त्यामुळे आधी तुकड्यावर करून पाहावं लागतं. तापवताना उग्र वास येतो आणि तो श्वासात जाऊ देऊ नये. बंद खोलीत, घरात, मुलं आसपास असताना हे करू नये, आणि छापलेलं कापड धुतल्याशिवाय अंगावर घालू नये.

शाई धाग्यावर धरून ठेवण्याऐवजी धाग्याशी रासायनिक नातं जोडायचं असेल तर रिॲक्टिव्ह डाय वापरतात. १९५६ मध्ये बाजारात आलेले हे रंग अल्कलीच्या मदतीने सेल्युलोजच्या रेणूला थेट जोडले जातात. समुद्रशैवालापासून काढलेल्या अल्जिनेटच्या लगद्यात ते कालवून छापतात, मग वाफ देतात आणि न जोडला गेलेला रंग धुऊन काढतात. काम लांबलचक आहे, पण कापडावर बाइंडरचा पापुद्रा राहतच नाही.

पक्कं करणं

एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१५ जूल लागतात. तेच एक ग्रॅम १०० अंशांवरच वाफ करायला सुमारे २२६० जूल, म्हणजे सातपट. शाईत पाणी शिल्लक आहे तोवर दिलेली जवळजवळ सगळी उष्णता ही वाफ करण्यात खर्च होते आणि शाई १०० अंशांच्या पुढे सरकत नाही. बाइंडरला टाके पडायला मात्र बहुतेक शायांमध्ये १५० ते १६० अंश आणि दोन-तीन मिनिटं लागतात. नेमका आकडा डब्यावर दिलेला असतो, तोच पाळावा. ही मिनिटं मोजायची ती शाई त्या तापमानाला पोहोचल्यापासून. यंत्राची तबकडी १६० दाखवते तेव्हा कापडातली ओली शाई अजून शंभरावरच अडकलेली असू शकते.

म्हणून आधी छापा हवेवर पूर्ण वाळू द्यावा, मग तापवावं. हीट प्रेस, म्हणजे कापड दाबून तापवणारं यंत्र, असेल तर झाकण दाबून ठेवू नका, दोन-तीनदा उघडून वाफेला वाट द्या. इस्त्री असेल तर वाफ बंद करा, छाप्यावर साधं सुती फडकं किंवा बेकिंगचा कागद ठेवा, आणि इस्त्री एका जागी न ठेवता सतत फिरवत राहा. मोठ्या चित्राचे भाग पाडून प्रत्येकाला पूर्ण वेळ द्या, मग उलट बाजूनेही एकदा. जाड कापडाला वेळ जास्त लागतो, कारण पाणी जास्त आणि ते खोलवर गेलेलं.

रेशीम आणि लोकर इतकं तापवलं तर पिवळी पडण्याची भीती असते. त्यांच्यासाठी शाईत फिक्सर घालतात. तो हेच टाके कमी उष्णतेत, काही वेळा नुसत्या काही दिवसांच्या मुरण्यात घालतो. पण मिसळल्या क्षणापासून डब्यातल्या शाईतही तेच सुरू होतं, म्हणून लागेल तेवढ्याच शाईत मिसळावा आणि उरलेली परत मूळ डब्यात ओतू नये. फिक्सर हाताळताना हातमोजे घालाच.

साफसफाईबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण वॉटरबेस म्हणजे निर्धोक असं समजून लोक उरलेली शाई मोरीत ओततात. स्क्रीन पाण्याने धुता येते, सॉल्व्हंट लागत नाही, हा मोठा फायदा आहे. पण पाण्याबरोबर जातं ते ॲक्रिलिक आणि पिगमेंटच. आधी उलथण्याने शाई खरवडून डब्यात भरावी, राहिलेली फडक्याने पुसून घ्यावी, फडकं वाळवून कचऱ्यात टाकावं, आणि मग स्क्रीन धुवावी. हे केलं तर मोरीत जाणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, आणि शाईही वाचते.

पिशव्यांच्या त्या प्रसंगानंतर मी नवी शाई किंवा नवं कापड आलं की आधी हातरुमालाएवढा तुकडा छापते, पक्का करते आणि मधोमध कापते. अर्धा तुकडा गरम साबणपाण्यात पाच वेळा धुते, चोळते, आणि ओला असतानाच पांढऱ्या फडक्याने घासते. फडक्यावर रंग उतरला तर तापमान किंवा वेळ वाढवून पुन्हा पहिल्यापासून. नाही उतरला तर धुतलेला आणि न धुतलेला असे दोन्ही अर्धे शेजारी शेजारी वहीत टाचते, आणि खाली लिहून ठेवते: कापड, जाळी, शाई, किती अंश, किती मिनिटं.